वॉरंट नसलं तरी कागद लागतो: नावेच्या झडतीचा कायदा

गेल्या उन्हाळ्यात कुही तालुक्यातला एक ढिवर, म्हणजे मासेमार समाजातला, माणूस नागपूरच्या कोर्टात मला शोधत आला. शर्टाच्या खिशात जप्ती पंचनाम्याची झेरॉक्स होती, घडीवर फाटायला आलेली. मी ती टेबलावर पसरली. ‘एक लाकडी डोंगा, जुना वापरता, लांबी अंदाजे पंधरा फूट, एक वल्हं, नायलॉनची दोन जाळी, एक रिकामी प्लास्टिक कॅन, कि. अं. 6,000 रु.’ खाली दोन पंचांच्या सह्या आणि त्याचा स्वतःचा अंगठा.

गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये संध्याकाळी जाळी टाकून तो परतत होता. मोहाची हातभट्टी नदीपार जाते अशी पोलिसांना टीप होती. त्याच्या पुढच्या डोंग्यात दारूच्या कॅन सापडल्या. मग त्याच्याही डोंग्याची झडती झाली. पिण्याच्या पाण्याची रिकामी कॅन तेवढी मिळाली. तरी डोंगा ट्रॅक्टरवर चढवून ठाण्यात नेला.

“साहेब, मी वॉरंट मागितलं. ते म्हणाले, डोंग्याले वॉरंट लागत नाही. खरं हाय का?”

मी म्हटलं, अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा भाग त्याला समजावायला मला तासभर लागला. नदीकाठच्या प्रत्येक गावाला तो माहीत असायला हवा, म्हणून इथे लिहितो आहे.

नागपूरला समुद्र नाही, मग नावेचं काय?

झिरो माईलच्या दगडापाशी उभं राहिलं की समुद्र दूरची गोष्ट वाटते. पण नागपूरच्या भोवती पाणी भरपूर आहे. उत्तरेला पेंच आणि तोतलाडोह, रामटेकजवळ खिंडसी, पूर्वेला कन्हान आणि वैनगंगा. आंभोऱ्याला आता वैनगंगेवर केबलच्या आधाराचा देखणा पूल उभा आहे, पण तो होण्याआधी नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली माणसं तिथे नावेनेच ये-जा करायची. मासे, रेती, पर्यटक, शेतमजूर, आणि कधीकधी दारू, हे सगळं आजही आपल्याकडे पाण्यावरून जातं.

खाली चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वैनगंगा वाहते, तिथे तर नदीच कायद्याची सीमा झाली आहे. गडचिरोलीत 1993पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015मध्ये लागू झालेली बंदी 2021मध्ये उठली. म्हणजे एका तीरावर परवान्याने विकली जाणारी बाटली दुसऱ्या तीरावर मुद्देमाल होते, आणि मधल्या पट्ट्यात असतो तो डोंगा.

वॉरंट म्हणजे दुसरी किल्ली

बँकेचं लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतं. एक तुमच्याकडे, एक बँकेकडे. एकट्याने कुणालाच उघडता येत नाही. झडतीच्या वॉरंटची कल्पना तशीच आहे. संशय पोलिसांना येतो, पण तो पुरेसा आहे की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतो आणि लेखी हुकूम देतो. ज्याला झडती हवी आहे त्यानेच ती योग्य आहे की नाही हे ठरवू नये, एवढंच त्यामागचं शहाणपण.

मग काही वेळा दुसऱ्या किल्लीशिवाय लॉकर उघडायची मुभा का? कारण वस्तू थांबून राहत नाही. घर उद्याही तिथेच असतं. डोंगा पंधरा मिनिटांत पलीकडच्या तीरावर, दुसऱ्या जिल्ह्यात असतो. कॅन पाण्यात सोडून दिली की पुरावाच वाहून जातो. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज करून वॉरंट आणेपर्यंत नदीत काही उरत नाही.

हा विचार जगात सगळीकडे झाला आहे. अमेरिकेतही दारूबंदीचा काळ होता. त्या काळात एका मोटारीत लपवलेली दारू दारूबंदी अधिकाऱ्यांनी वॉरंटशिवाय पकडली आणि प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं. 1925च्या त्या कॅरोल खटल्यात कोर्टाने घर आणि वाहन यांत फरक केला: जहाज, मोटरबोट, गाडी ही वॉरंट येईपर्यंत हद्दीबाहेर जाऊ शकतात, म्हणून ठोस कारण असेल तर वॉरंटशिवाय झडती चालेल. पाण्यावर तर तो देश आणखी पुढे गेला. 1983मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने, काहीही संशय नसताना केवळ कागदपत्रं पाहण्यासाठी कस्टमचे अधिकारी शिडाच्या बोटीवर चढले तरी ते वैध ठरवलं. व्हिडिओंमध्ये दिसतं की कोस्ट गार्डचे लोक कुणाच्याही बोटीवर चढतात, ते यामुळे. ते पाहून आपल्याकडेही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. आपला कायदा तसा नाही.

आपल्या कायद्यात नाव म्हणजे काय?

1 जुलै 2024पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पुढे मी तिला नुसतं संहिता म्हणेन. जुन्या कायद्यात होती तशीच ‘ठिकाण’ या शब्दाची व्याख्या तिच्यात आहे: ठिकाणात घर, इमारत, तंबू, वाहन आणि जलयान यांचा समावेश होतो.

हे वाक्य लहान आहे, पण ढिवराच्या बाजूने पाहिलं तर फार मोठं आहे. कायद्याने त्याचा डोंगा घराच्या रांगेत बसवला आहे. त्यामुळे पोलीस जिथे घराची झडती घेऊ शकतात तिथे डोंग्याचीही घेऊ शकतात. पण उलट बाजूही तितकीच खरी. घराची झडती घेताना जी बंधनं पाळावी लागतात तीच डोंग्यावर चढतानाही पाळावी लागतात. “नावेला वॉरंट लागत नाही” असा वेगळा नियम संहितेत नाही. नियम एकच आहे, घरालाही तोच आणि नावेलाही तोच.

आता एक गंमतीचा वाटेल पण गंभीर प्रश्न. आपल्याकडे कितीतरी गरीब मासेमार डोंगा परवडत नाही म्हणून ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. ती ट्यूब जलयान आहे का? जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची व्याख्या म्हणते, माणसं किंवा माल पाण्यावरून नेण्यासाठी बनवलेली कोणतीही वस्तू. ट्यूब तर चाकासाठी बनवलेली असते. वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘वाहन’ची व्याख्या मात्र ‘बनवलेली’ऐवजी ‘वापरलेली’ म्हणते: जमिनीवर, पाण्यावर किंवा हवेत जाण्यासाठी वापरलेलं कोणतंही साधन, आणि त्यात म्हैस, बैल, उंट, गाढव, हत्ती, घोडा, खेचर हेही धरलेले आहेत. पेंचच्या जंगलातली ट्यूब त्या व्याख्येत सहज बसते. एका शब्दाने केवढा फरक पडतो ते यातून दिसतं.

उरलेलं अर्धं सत्य: कलम 185

वॉरंटशिवाय झडतीचा मुख्य आधार संहितेचं कलम 185 आहे. जुन्या कायद्यात हेच कलम 165 होतं. त्यात काय लिहिलं आहे ते सावकाश पाहू, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

झडती घेणारा किंवा करवून घेणारा हा ठाण्याचा प्रमुख, म्हणजे आपण ज्याला ठाणेदार म्हणतो तो, किंवा त्या गुन्ह्याचा तपास करणारा अधिकारी असला पाहिजे. म्हणजे आधी तपासाला विषय असलेला गुन्हा पाहिजे. काठावर उभं राहून “चला, आज सगळे डोंगे उलटून पाहू” हे या कलमात बसत नाही. त्या अधिकाऱ्याला असं मानायला वाजवी कारण पाहिजे की तपासाला लागणारी अमुक वस्तू त्या ठिकाणी सापडेल. आणि ती वस्तू गैरवाजवी उशीर न होता दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही, असंही त्याचं मत झालेलं पाहिजे.

मग येते ती अट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. झडती घेण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याने आपल्याला असं का वाटतं ते केस डायरीत लिहायचं असतं. केस डायरी म्हणजे तपासाची रोजची वही. शक्य तितकं हेही लिहायचं की नेमकं काय शोधतो आहे. ‘दारूच्या कॅन’ हे शोधणं झालं. ‘काहीतरी संशयास्पद’ हे शोधणं नव्हे.

आधी शाई, मग पाऊल. क्रम महत्त्वाचा आहे. झडतीत काही सापडल्यावर कारण लिहायला बसलं तर कुणालाही उत्तम कारण सुचतं. पेपर फुटल्यावर उत्तर लिहिण्यासारखं ते होतं. आधी लिहिलेलं कारण मात्र अधिकाऱ्याला बांधून ठेवतं. लॉकरची दुसरी किल्ली नसताना निदान रजिस्टरमध्ये नोंद करून आत जायचं, अशी ही व्यवस्था आहे.

सुप्रीम कोर्टाने 1959मध्येच ‘राजस्थान राज्य विरुद्ध रहमान’ या प्रकरणात हे स्पष्ट केलं. अबकारी खात्याच्या झडतीला एका माणसाने अडवलं होतं आणि त्याच्यावर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला होता. कारणं न नोंदवता घेतलेली ती झडती कायद्याला धरून नव्हती, असं कोर्टाने म्हटलं आणि तो माणूस सुटला. वाचून कुणी पोलिसांना ढकलायला मात्र जाऊ नये. डायरीत काय लिहिलं आहे ते काठावर उभ्या माणसाला दिसत नाही. झटापट झाली तर अंगावर वेगळाच गुन्हा यायचा. तोंडाने विचारा, हात लावू नका.

नव्या संहितेने दोन गोष्टी वाढवल्या आहेत आणि त्या खरोखर कामाच्या आहेत. पहिली म्हणजे झडती आणि जप्तीचं ध्वनि-चित्रमुद्रण, शक्यतो मोबाइलवर. कलम 105 ते सांगतं, आणि ते मुद्रण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. नदीत रेंज नव्हती हे त्यावर उत्तर होत नाही, कारण चित्रीकरणाला रेंज लागत नाही. दुसरी गोष्ट वेळेची. केलेल्या नोंदींच्या प्रती लगेच, आणि जास्तीत जास्त 48 तासांत, जवळच्या अधिकार असलेल्या मॅजिस्ट्रेटकडे गेल्या पाहिजेत. जुन्या कायद्यात नुसतं ‘लगेच’ होतं. आपल्याकडे लगेचचा अर्थ किती ताणला जातो हे कोर्टात रोज बसणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तासांचा आकडा आला याचं मला मनापासून बरं वाटलं.

पाण्यावर पंच कुठून आणायचे?

झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असं कलम 103 सांगतं. तिथे कुणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या भागातले चालतात. व्यवहारात काय होतं? पोलीस आपल्याबरोबर गाडीतून दोन पंच घेऊन येतात. ते बेकायदा नाही. पण काठावर पन्नास गावकरी उभे असताना तीस किलोमीटरवरून आणलेले, दर प्रकरणात तेच ते दोघे पंच दिसले, तर कोर्ट त्यांच्याकडे कान टवकारून पाहतं.

डोंगा ज्याच्या ताब्यात आहे त्याला झडती चालू असताना हजर राहू द्यावं लागतं. सापडलेल्या वस्तूंची यादी तिथेच करून पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि तिची प्रत त्याला द्यायची. बाईच्या अंगझडतीला बाईच पाहिजे, आणि तीही पूर्ण मर्यादा राखून. रोवणीच्या दिवसांत बायांनी भरलेले डोंगे नदी ओलांडतात, तेव्हा हा नियम विसरून चालत नाही.

आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने अंगठा द्यायच्या आधी यादी वाचून दाखवायला सांगावी. माझ्या त्या अशिलाच्या पंचनाम्यात कॅन ‘रिकामी’ लिहिली होती, हा एक शब्द पुढे फार उपयोगी पडला. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने ते प्रामाणिकपणे लिहिलं, हेही इथे नोंदवायला हवं.

नदीत ठाण्याची हद्द कुठे असते?

जमिनीवर हद्दीचे दगड असतात, पाण्यावर नसतात. अलीकडे एक ठाणं, पलीकडे दुसरं, कित्येकदा दुसरा जिल्हा. बावनथडी किंवा तोतलाडोहच्या पाण्यावर तर पलीकडे मध्य प्रदेश.

कलम 185 आपल्या ठाण्याच्या हद्दीपुरतं आहे. हद्दीबाहेर झडती हवी असेल तर तिथल्या ठाणेदाराला सांगून ती करवून घ्यायची, हा सरळ मार्ग. पण तेवढ्या वेळात पुरावा लपवला किंवा नष्ट केला जाईल असं मानायला कारण असेल तर अधिकारी स्वतः पलीकडे जाऊन झडती घेऊ शकतो. तसं केलं तर पलीकडच्या ठाणेदाराला लगेच कळवावं लागतं, यादीची प्रत द्यावी लागते आणि मॅजिस्ट्रेटलाही नोंदी पाठवाव्या लागतात. कलम 186 यासाठीच आहे. “आमच्या हद्दीत आलेच कसे?” असा वाद काठावर घालून उपयोग नसतो. त्यांनी नंतर कळवलं की नाही, हा खरा प्रश्न, आणि तो कोर्टात विचारायचा.

वेगळ्या खात्यांचे वेगळे अधिकार

इथवर झाला तो सर्वसाधारण कायदा. राज्याच्या दारूबंदी कायद्याखालच्या झडत्याही, त्या कायद्यात वेगळं काही सांगितलं नसेल तिथे, याच पद्धतीने होतात. पण काही विषयांना खास कायदे आहेत.

अमली पदार्थांचा 1985चा कायदा सगळ्यांत कडक आणि म्हणूनच अटींनीही सगळ्यांत जखडलेला. त्यात वाहतुकीच्या साधनांमध्ये जलयान स्पष्टपणे धरलेलं आहे. शिपाई किंवा कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा, अधिकार दिलेला अधिकारी, मिळालेली माहिती लिहून घेऊन, सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय खासगी नावेत शिरू शकतो. सूर्यास्तानंतर शिरायचं तर वॉरंट आणायला थांबलो तर माल किंवा माणूस हातचा जाईल, असं त्याला का वाटतं हे वेगळं लिहावं लागतं. लिहिलेल्याची प्रत 72 तासांत वरिष्ठाकडे जायला हवी. करनैल सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2009मध्ये सांगितलं की घाईत उशीर झाला आणि त्याचं समाधानकारक कारण दिलं तर चालेल, पण नियम अजिबातच पाळला नाही तर चालणार नाही.

सार्वजनिक नावेला मात्र हा नियम नाही. पैसे देऊन कुणीही बसू शकतो अशी फेरीची नाव म्हणजे एसटी बस, आणि स्वतःचा डोंगा म्हणजे स्वतःची मोटारसायकल. एसटीसाठी आधी कारण लिहिण्याची अट नाही, स्वतःच्या वाहनासाठी आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभी असली म्हणून खासगी जीप सार्वजनिक वाहन होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2021मध्ये म्हटलं आहे. हाच तर्क सार्वजनिक घाटावर बांधलेल्या खासगी डोंग्यालाही लागू व्हावा असं मला वाटतं. आणखी एक बारकावा: या कायद्यात नावाड्याच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडतीचा त्याला हक्क आहे, हे त्याला आधी सांगावं लागतं. डोंग्याला आणि पिशवीला हा नियम नाही, फक्त अंगाला.

पेंचमध्ये वन्यजीव कायदा लागतो. त्याच्या कलम 50ने वन अधिकाऱ्यांना आणि उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलिसांना, गुन्हा झाला असं मानायला वाजवी कारण असेल तर, जलयान थांबवून झडती घेण्याचा अधिकार दिला आहे. तोतलाडोहचं दुखणं जुनं आहे. राष्ट्रीय उद्यानामुळे उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेशाने दिलेल्या 305 मासेमारी परवान्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. 1997मध्ये कोर्टाने ते परवाने रद्द केले नाहीत, पण फोटो असलेलं ओळखपत्र आणि इतर अटी घातल्या. वाघही जगला पाहिजे आणि ज्याचं गाव गेलं तो माणूसही, या दोन्ही गोष्टी मला तितक्याच खऱ्या वाटतात. म्हणूनच तिथल्या झडत्या नियमाने होणं जास्त गरजेचं आहे.

रेतीचं वेगळं. खनिज कायद्यात झडतीचा अधिकार सरकारने प्राधिकृत केलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याला आहे, आणि पंचांचे वगैरे नियम तिथेही लागतात. कन्हानच्या रेती घाटावर महसूल आणि पोलीस एकत्र दिसतात ते यामुळे.

तपासणी म्हणजे झडती नव्हे

2017च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. त्या बातमीने शहर हादरलं होतं. नावेत किती माणसं आहेत, लाइफ जॅकेट आहेत का, नाव नोंदलेली आहे का, हे घाटावर कुणीतरी रोज विचारायलाच हवं. जुना 1917चा कायदा जाऊन 2021मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला तो नोंदणी आणि सुरक्षेसाठीच. हे विचारणं म्हणजे तपासणी. तिला संशय लागत नाही, वॉरंट लागत नाही, आणि तिला विरोध करण्यात अर्थही नाही.

झडती म्हणजे तुमचं सामान उघडणं, फळीखाली हात घालणं. तपासणीच्या नावाने आत येऊन झडती सुरू झाली, तर वर सांगितलेले सगळे नियम लागू होतात.

“एवढे नियम लावले तर गुन्हेगार सुटतील”

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. 1993मध्ये मुंबई हादरवणारी स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरली होती. 2008मध्ये दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारीची नाव बळकावून आले आणि रबरी बोटीने कुलाब्याला उतरले. म्हणून तर समुद्रावर कायदा जास्त हात मोकळे सोडतो. तस्करीचा वाजवी संशय असेल तर कस्टम अधिकारी जहाज कधीही थांबवू शकतो, कुलपं तोडू शकतो, आणि थांबवण्याचे सगळे उपाय थकल्यावर गोळीबारही करता येतो.

पण नियम नीट पाहिले तर ते हात बांधत नाहीत. चार ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात, तीही घाटावर जाताना गाडीत लिहिता येतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. उलट या चार ओळी नसतील तर खरा तस्करही उलटतपासणीत निसटायची वाट शोधतो. चांगल्या तपास अधिकाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून त्याची डायरी भरलेली असते.

“मी काही केलं नाही, मग मला काय फरक पडतो?”

2017मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. डोंग्याच्या टोकाला ठेवलेला जेवणाचा डबा, दिवसभराच्या मासळीचे पैसे बांधलेला रुमाल, हेही त्यात येतं. काही केलं नाही अशाच माणसाला नियमांची जास्त गरज असते. ज्याने केलं आहे त्याच्याकडे वकील असतो.

नियम मोडून झडती घेतली तर खटला आपोआप सुटतो का?

नाही. या बाबतीत लोकांना खोटी आशा दाखवू नये. 1973च्या पूरणमल निकालापासून आपल्याकडे असं धरलं जातं की झडतीत चूक झाली तरी मिळालेला पुरावा संबंधित असेल तर केवळ त्या कारणाने तो फेकून देता येत नाही. कोर्ट त्याच्याकडे अधिक कठोरपणे पाहतं, इतकंच. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र चित्र वेगळं आहे. 1999च्या बलदेव सिंग प्रकरणात घटनापीठाने म्हटलं की अंगझडतीचा हक्क सांगितला नसेल तर केवळ त्या झडतीत मिळालेल्या मालावर शिक्षा टिकत नाही. त्याच कायद्यात विनाकारण त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही आहे.

डोंगा ठाण्यात पडून असेल तर

माझ्या अशिलाला सगळ्यांत जास्त घोर याचाच होता. मोटारसायकल ठाण्याच्या आवारात उभी राहिली तर गंजते, तरी ती मोटारसायकल राहते. लाकडी डोंगा पाण्याबाहेर उन्हात पडला की फळ्या सुकतात, आक्रसतात आणि सांधे उघडतात. महिनाभराने तो पाण्यात लोटला तर बुडतो.

सुप्रीम कोर्टाने 2002मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती लवकर सोडावीत. यालाच आपण सुपूर्दनाम्यावर सोडवणं म्हणतो. नव्या संहितेचं कलम 497 आणखी पुढे जातं: वस्तू कोर्टापुढे आल्यापासून 14 दिवसांत मॅजिस्ट्रेटने तिचं वर्णन करायचं, फोटो किंवा चित्रीकरण करवून घ्यायचं, आणि त्यानंतर 30 दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा किंवा ताब्याचा आदेश द्यायचा. पुरावा म्हणून डोंग्याऐवजी डोंग्याचा फोटो चालतो.

त्या बाबतीत आम्ही दोन अर्ज केले. एक सुपूर्दनाम्याचा. दुसरा कलम 185 खाली, झडतीपूर्वी नोंदवलेल्या कारणांच्या प्रतीसाठी. झडती झालेल्या ठिकाणाचा मालक किंवा ताबेदार अर्ज करेल तर मॅजिस्ट्रेटकडून ही प्रत विनामूल्य मिळते. साध्या कागदावर नाव, गाव, ठाणं, झडतीची तारीख आणि वेळ लिहिली की पुरे. इतक्या वर्षांच्या वकिलीत हा अर्ज करणारी माणसं मी बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली आहेत.

प्रत आली. कारण लिहिलेलं होतं, नीट लिहिलेलं होतं, पण ते पुढच्या डोंग्याबद्दल. याच्या डोंग्याचा त्यात उल्लेखच नव्हता. ती प्रत आणि पंचनाम्यातला ‘रिकामी’ हा शब्द, दोन्ही शेजारी ठेवून मी युक्तिवाद केला आणि डोंगा सोडण्याचा हुकूम झाला.

ठाण्यात गेलो तेव्हा डोंगा भिंतीला लागून पालथा पडला होता. त्याने हात फिरवून तीन ठिकाणच्या भेगा मला दाखवल्या, एकीतून पलीकडचं गवत दिसत होतं. मग खिशातून सुती चिंध्यांची गुंडाळी काढली आणि ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच बसून भेगांत ठासू लागला. डांबर गावाला गेल्यावर लावतो म्हणाला.